साडेनऊशे अंशांवर सिलिकॉन कार्बाइडच्या प्लेट का फुगतात?

प्रश्न बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीतल्या (जीआयडीसी) एका युनिटमधून आला आहे. विचारणाऱ्या ताई तिथे शिफ्ट इंजिनीअर आहेत. त्यांच्याकडे गॅसवर चालणारी ट्रॉलीची भट्टी आहे आणि तिच्यात स्टीलच्या कास्टिंगचं, म्हणजे ओतीव भागांचं, नॉर्मलायझिंग (तापवून मग हवेत थंड करणं) ९२० ते ९५० अंश सेल्सिअसला होतं. कास्टिंग ठेवायला नायट्राइड बाँडेड सिलिकॉन कार्बाइडच्या प्लेट घेतल्या होत्या. कॅटलॉगमध्ये कमाल तापमान १,४५० अंश लिहिलेलं. तरी वर्ष पुरं व्हायच्या आत प्लेट वाकल्या, फुगल्या, काहींचे सरळ दोन तुकडे झाले. सप्लायर म्हणतो, विश्वामित्री नदीच्या पुरात गोडाऊनमध्ये पाणी शिरलं, प्लेट भिजल्या, त्याचा हा परिणाम. मालक म्हणतात, सिरॅमिक मुळात भाजूनच येतं, ते पुन्हा काय जळणार, माल बनावट निघाला. आता १,७०० अंशांच्या ॲल्युमिना प्लेट घ्याव्यात का, आणि पुढे इलेक्ट्रिक भट्टी घेतली तर हीच अडचण येईल का, हे त्यांना हवं आहे.

ताई, आधी निकाल सांगतो, मग कारणं. माल बनावट असेलच असं नाही. पुराचा दोष नाही. तुमच्या भट्टीतली हवा आणि तुमचं तापमान, ही जोडी नेमकी या मालाच्या वाईटावर आहे. १,४५० अंशांना जी प्लेट बरी टिकली असती ती ९५० ला लवकर गेली, हे ऐकायला उलटं वाटतं, पण ते खरं आहे आणि त्यामागचं कारण समजून घेतल्याशिवाय पुढची खरेदी करू नका. ॲल्युमिना तर नकोच. त्याकडे नंतर येतो.

मालकांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. ॲल्युमिना, म्युलाइट, कॉर्डिएराइट, झिर्कोनिया ही सगळी ऑक्साइडं आहेत. त्यांच्यातल्या धातूला जेवढा ऑक्सिजन घ्यायचा तेवढा त्याने घेतलेला असतो, त्यामुळे हवेत ती जळत नाहीत. सिलिकॉन कार्बाइड, सिलिकॉन नायट्राइड, बोरॉन कार्बाइड, झिर्कोनियम बोराइड यांचं तसं नाही. गरम हवेत त्यांना ऑक्साइड व्हायचंच असतं. सिलिकॉन कार्बाइडचा सिलिका, म्हणजे सिलिकॉनचा ऑक्साइड, होतो आणि कार्बन वायू होऊन निघून जातो. मग सिलिकॉन कार्बाइडचे रॉड वर्षानुवर्षं लाल भट्टीत कसे चालतात? त्यांच्या अंगावर सिलिकाचा काचेसारखा पापुद्रा धरतो म्हणून. जखमेवर खपली धरावी तसा. सिलिकातून ऑक्सिजन फार सावकाश झिरपतो, इतका सावकाश की नेहमीच्या ऑक्साइडांमध्ये या बाबतीत सिलिकाचा हात धरणारं क्वचितच सापडेल. पापुद्रा जाड होत गेला की आत जाणारा ऑक्सिजन आणखी मंदावतो. जाडी दुप्पट व्हायला वेळ चौपट लागतो. पूर्ण घट्ट, छिद्रं नसलेलं शुद्ध सिलिकॉन कार्बाइड कोरड्या हवेत १,३०० अंशांवर शंभर तास ठेवलं तरी पापुद्रा काही मायक्रॉनचाच असतो.

म्हणजे अशा मालाचं आयुष्य पापुद्र्यावर ठरतं. पापुद्रा धरतो का, अखंड राहतो का, त्याला कोण खातंय, हेच प्रश्न. 'किती डिग्रीचं आहे' हा प्रश्न आपण सगळे पहिला विचारतो, आणि त्यात यांपैकी एकाचंही उत्तर नसतं.

आता तुमची प्लेट घ्या. नायट्राइड बाँडेड माल कसा बनतो ते पाहिलं की दोष दिसतो. सिलिकॉन कार्बाइडचे दाणे आणि सिलिकॉनची भुकटी एकत्र दाबतात आणि नायट्रोजनमध्ये साधारण १,४०० अंशांना भाजतात. सिलिकॉनचं सिलिकॉन नायट्राइड होतं आणि ते दाण्यांना बांधून ठेवतं. या नायट्राइडचा बराच भाग बारीक, सुयांसारखा असतो. आणि प्लेटच्या घनफळात १५ टक्क्यांच्या आसपास छिद्रं उरतात, एकमेकांना जोडलेली, बाहेरच्या हवेला उघडी. म्हणजे प्लेटचा जो पृष्ठभाग तुम्हाला दिसतो, त्याच्या कितीतरी पट पृष्ठभाग तिच्या पोटात आहे, आणि तो बारीक सुयांचा असल्याने ऑक्सिजनला सोपा आहे.

१,३५० ते १,४५० अंशांवर काय होतं? बाहेरचा थर झपाट्याने ऑक्साइड होतो, सिलिका छिद्रांच्या तोंडाशी जमून ती बुजवते, आणि आतल्या भागाला ऑक्सिजन मिळायचा बंद होतो. बाहेरचा थर थोडा खर्ची पडतो, पोट वाचतं. ९०० ते १,००० अंशांवर तेच ऑक्सिडेशन इतकं मंद असतं की तोंडं बुजायला खूप दिवस जातात. तोपर्यंत हवा आत खेळत राहते आणि पोटातल्या सगळ्या पृष्ठभागावर थोडं थोडं काम करत राहते. एका ठिकाणी कमी, पण सगळीकडे मिळून फार. म्हणून सच्छिद्र सिलिकॉन कार्बाइडला ८०० ते १,१०० अंशांचा पट्टा धोक्याचा. हे या धंद्यात फार आधीपासून माहीत आहे. सिलिकॉन कार्बाइड रिफ्रॅक्टरीच्या, म्हणजे भट्टीत टिकणाऱ्या मालाच्या, ऑक्सिडेशनची एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेची जी प्रमाणित चाचणी आहे, सी ८६३, ती ८०० ते १,२०० अंशांत घेतात आणि हवेऐवजी वाफेत घेतात. वाफेतच का, यात तुमच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग आहे.

तुमच्या भट्टीत वाफ कुठून आली? गॅसमधून. नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. मिथेनचा एक रेणू जळला की पाण्याचे दोन रेणू तयार होतात. नेमक्या लागेल तेवढ्याच हवेत जाळला तर धुरात घनफळाने १९ टक्के पाण्याची वाफ असते. तुम्ही २५ टक्के जादा हवा देत असाल तरी १५ टक्क्यांच्या वरच. भादव्यातल्या बडोद्याच्या दमट हवेत, ३० अंशांना अगदी पूर्ण संपृक्त धरली तरी, चार टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. म्हणजे पावसाळ्यातल्या हवेच्या चौपट ओल तुमच्या प्लेटभोवती बारा महिने, तीही ९५० अंशांवर.

पाण्याची वाफ सिलिकाच्या पापुद्र्यात ऑक्सिजनपेक्षा शेकडो पटींनी जास्त विरघळते. तिचा रेणू जाळीतून सरकतो थोडा सावकाश, पण विरघळलेलं प्रमाणच एवढं मोठं की एकूण ऑक्सिडेशन जोरात होतं. शिवाय पाणी सिलिकाच्या जाळीतले दुवे तोडून ती सैल करतं. कोरड्या हवेत जी खपली घट्ट बसली असती ती वाफेत गळकी राहते. गॅसच्या भट्टीतली आणि इलेक्ट्रिक भट्टीतली तीच प्लेट, त्याच तापमानाला, वेगवेगळं आयुष्य जगते ते यामुळे.

आता फुगणं. सिलिकॉन कार्बाइडची घनता ३.२, आणि त्यापासून होणाऱ्या काचरूप सिलिकाची २.२. कार्बन उडून गेला तरी ऑक्सिजन जास्त जोडला जातो, म्हणून वजन दीडपट होतं आणि घनफळ जवळपास २.२ पट. नायट्राइडचा सिलिका झाला तर घनफळ सुमारे १.९ पट. हे वाढलेलं घनफळ आधी छिद्रात मावतं. छिद्र भरलं की दाण्यांना ढकलायला लागतं. सगळ्या प्लेटमध्ये एकसारखं झालं असतं तर ती नुसती मोठी झाली असती. पण बर्नरच्या बाजूचा चेहरा जास्त गरम, त्याला ताज्या धुराचा मारा जास्त, तिथे सिलिका जास्त. एक बाजू वाढली, दुसरी मागे राहिली, की प्लेट वाकते. मी पाहिलेल्या अशा भट्ट्यांमध्ये बर्नरच्या तोंडासमोरच्या प्लेट नेहमी आधी जातात आणि त्यांचा फुगवटा ज्वाळेच्या दिशेला असतो. तुमच्याकडेही कोणत्या जागेवरच्या आधी गेल्या ते ट्रॉलीवाल्याला विचारा, त्याला नक्की माहीत असेल.

हे सगळं माझ्या शब्दावर मानू नका, तुमच्या स्टोअरमधल्या तराजूवर तपासा. समजा प्लेट ४०० बाय ४०० मिलिमीटर, जाडी १५, घनता २.७. कोरी प्लेट साडेसहा किलोच्या थोडी आत भरेल. तुमच्याकडे न वापरलेली एखादी उरली असेल तर तिचं वजन करा, मग फुगलेल्या पण अखंड प्लेटचं करा. त्यावर चिकटलेली लोखंडाची खपली (तापलेल्या स्टीलवरून गळलेला आयर्न ऑक्साइड) आधी वायर ब्रशने आणि छिन्नीने काढून टाका, नाहीतर हिशेब चुकेल. जुनी प्लेट १३० ग्रॅमने जड भरली, म्हणजे फक्त दोन टक्क्यांनी, तर काय झालं असेल? हिशेब सोपा राहावा म्हणून सगळं सिलिकॉन कार्बाइडच धरू. २६० ग्रॅम कार्बाइडचा ३९० ग्रॅम सिलिका झाला. ८१ घन सेंटीमीटरच्या जागी १७७ घन सेंटीमीटर माल बसला. प्लेटमधल्या सगळ्या छिद्रांची मिळून जागा ३६० घन सेंटीमीटर. म्हणजे वजनातल्या अवघ्या दोन टक्क्यांनी पाव भागाहून जास्त छिद्रं भरून टाकली, आणि ती सगळीकडे सारखी भरत नाहीत. वाढलेलं वजन हाच ऑक्सिडेशनचा पुरावा. पुरात भिजलेली प्लेट एकदा भट्टीतून निघाली की तिचं पाणी गेलेलं असतं, वजन परत मूळ जागी येतं. सप्लायरशी बोलताना ही दोन वजनं कागदावर असू द्या.

त्यानंतर तुटलेला तुकडा घ्या आणि हातोडीने नवा तुकडा पाडा. जुन्या भेगेवर पाहू नका, ती आधीच भाजलेली असते. ताज्या तुटीवर भिंग धरा. चांगल्या जागी सिलिकॉन कार्बाइडचे काळे दाणे धारदार चमकतात आणि मधला बंध गडद करडा दिसतो. ऑक्साइड झालेल्या जागी दाण्यांभोवती राखेसारखा पांढुरका मुलामा असतो, चमक मेलेली असते, नख लावलं तर कधी कधी भुकटी निघते. पांढुरका भाग नुसता कडेला आहे की पार मधोमध गेला आहे, हे बघा. मधोमध गेला असेल तर माझं वरचं म्हणणं तुमच्या डोळ्यांसमोर आहे. आणखी खात्री हवी असेल तर युनिव्हर्सिटीच्या टेक्नॉलॉजी फॅकल्टीत मेटलर्जी विभागाला विचारून तुकड्याच्या भुकटीचं एक्स-रे डिफ्रॅक्शन (कोणते स्फटिक आहेत हे दाखवणारी चाचणी) करून घ्या. ही फॅकल्टी ज्यातून उभी राहिली ते कलाभवन सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये काढलं ते कारखानदारी आणि शिक्षण एकमेकांजवळ यावं म्हणून. मकरपुऱ्यातल्या लोकांनी असे तुकडे घेऊन तिथे जायला हवं, आपण जात नाही.

त्या चाचणीत क्रिस्टोबलाइट हे सिलिकाचं स्फटिकरूप सापडलं तर भेगांचं कोडंही सुटतं. काचरूप सिलिका हळूहळू स्फटिकरूप होतो. लोखंडाची खपली, चुना, सोडा अशी घाण असली तर ते लवकर होतं. क्रिस्टोबलाइट थंड होताना २७० ते २०० अंशांच्या दरम्यान आपली रचना एकदम बदलतं आणि पाच टक्क्यांच्या आसपास आक्रसतं. तुमच्या प्लेट भट्टी चालू असताना तुटतात की बंद केल्यावर, रात्री थंड होताना तडकतात? दुसरं असेल तर ३०० पासून १५० अंशांपर्यंत प्लेट सावकाश थंड होऊ द्या. दुखणं बरं होणार नाही, पण मरण थोडं लांबेल.

लोखंडाच्या खपलीचा मुद्दा वेगळा सांगतो, कारण तो तुमच्या हातात आहे. ९५० अंशांना स्टीलवर खपली धरतेच आणि ती प्लेटवर गळते. आयर्न ऑक्साइड सिलिकाच्या पापुद्र्याशी मिसळून त्याचा संरक्षक गुण घालवतो आणि उघड्या पडलेल्या सिलिकॉन कार्बाइडशीही भिडतो. कास्टिंग चिकटलेल्या जागी प्लेटला खळगे पडलेत का पहा. उपाय स्वस्त आहे. प्लेटच्या वरच्या चेहऱ्यावर ॲल्युमिनाचा वॉश, म्हणजे पातळ लेप, मारा, किंवा ॲल्युमिनाचे जाडसर दाणे पसरून त्यावर कास्टिंग ठेवा.

पुराबद्दल एवढंच. ओली प्लेट झपाट्याने तापवली तर आतल्या वाफेने ती पहिल्या फेरीतच फुटते, कपचे उडतात. वर्षभर हळूहळू फुगत नाही. पुराच्या पाण्यात गाळ आणि क्षार असतात आणि क्षार सिलिकाला वाईट, हे खरं. तसं झालं असेल तर गोडाऊनमध्ये बुडालेल्या थप्पीतल्या प्लेट आधी गेल्या असत्या आणि वरच्या कोरड्या राहिलेल्या टिकल्या असत्या. तुम्ही लिहिलेल्यावरून तरी तसं दिसत नाही.

कॅटलॉगमधला १,४५० हा आकडा खोटा नाही. तेवढ्या तापमानाला, हवेत, ठरावीक भाराखाली प्लेट खचत नाही एवढाच त्याचा अर्थ. उच्च तापमानाच्या मालाबद्दल हा घोटाळा सगळीकडे आहे. हॅफ्नियम कार्बाइडचा वितळबिंदू ३,९०० अंशांच्या घरात आहे, आपल्या ओळखीच्या जवळपास सगळ्या पदार्थांच्या वर. पण उघड्या हवेत त्याचा ऑक्साइड सच्छिद्र होतो, अंगाला घट्ट बसत नाही, आणि वितळबिंदूच्या अर्ध्यावरही तो पोहोचत नाही तोवर खाल्ला जातो. झिर्कोनियम बोराइड ३,२०० अंशांच्या वर वितळतं. ते ऑक्साइड होताना बोरॉन ऑक्साइडचा द्रव थर येतो आणि तो १,१०० अंशांपर्यंत चांगलं राखण करतो, पुढे वाफ होऊन उडतो. म्हणून त्यात २० टक्क्यांच्या आसपास सिलिकॉन कार्बाइड मिसळतात, म्हणजे बोरोसिलिकेट काच तयार होऊन वरची राखण पुढे चालू राहते. अतिवेगवान विमानांच्या पुढच्या कडांसाठी जगभर ज्या मालावर काम चालू आहे त्याची कल्पना ही, आणि तिथेही झुंज पापुद्र्याचीच आहे.

विमानाच्या इंजिनात तर तुमचीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर घडते. सिलिकॉन कार्बाइडच्या धाग्यांनी बांधलेलं सिलिकॉन कार्बाइड, हा माल लीप इंजिनाच्या टर्बाइनच्या भोवतालच्या कड्यात वापरला जातो. ते इंजिन २०१६ पासून प्रवासी विमानांत आहे. इंधन जळलं की तिथेही वाफ येते, वर दाब प्रचंड आणि वायूचा वेग प्रचंड. तिथे वाफ नुसतं ऑक्सिडेशन वाढवत नाही, ती सिलिकाशी संयोग पावून सिलिकॉन हायड्रॉक्साइड नावाचा वायू बनवते आणि पापुद्राच उडवून नेते. खालून पापुद्रा वाढतो, वरून खाल्ला जातो आणि भाग दिवसेंदिवस बारीक होतो. त्यासाठी वर इटर्बियम सिलिकेटसारख्या मालाचा वाफेला दाद न देणारा थर चढवतात. तुमच्या भट्टीत दाब एक वातावरण आणि वायू संथ, म्हणून हे उडणं नगण्य. तुमच्याकडे वाफेचा त्रास पोटात आहे, चेहऱ्यावर नाही.

एक सावधगिरी, जरी आज तुम्हाला लागत नसली तरी. हे वाचून कोणाला वाटेल की ऑक्सिजन कमी केला की प्रश्न मिटला. सिलिकॉन कार्बाइडला पापुद्रा धरण्यापुरता ऑक्सिजन लागतो. व्हॅक्युम भट्टीत किंवा फार कमी ऑक्सिजन असलेल्या गॅसमध्ये, उंच तापमानाला, सिलिकाऐवजी सिलिकॉन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. तो थेट उडतो, पापुद्रा धरतच नाही आणि माल नुसता झिजतो. हायड्रोजनच्या भट्टीत तर सिलिकाची वीटही अशी झिजते आणि थंड कोपऱ्यात, पाइपात पांढरी भुकटी जमते. व्हॅक्युम किंवा हायड्रोजन असेल तर वेगळा विचार करा.

आता ॲल्युमिना. जळत नाही हे खरं, वाफेला घाबरत नाही हेही खरं. पण तुमची ट्रॉली लाल असताना बाहेर येते, कारण नॉर्मलायझिंग म्हणजे कास्टिंग हवेत थंड करणं. घट्ट ॲल्युमिना तापल्यावर सिलिकॉन कार्बाइडच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं आणि उष्णता त्याच्यातून, विशेषतः गरम असताना, बरीच कमी वाहते. पृष्ठभाग थंड, पोट लाल, मध्ये ताण. तापमानाचा साधारण २०० अंशांचा एकदम धक्का बसला तरी घट्ट ॲल्युमिनाची ताकद कोसळते. तुमच्या ट्रॉलीवर ते फार दिवस टिकणार नाही आणि पैसे दुप्पट जातील. १,७०० चा आकडा तुम्हाला ९५० ला काही देत नाही. कोणी झिर्कोनिया सुचवेल. त्याचं प्रसरण आणखी जास्त, किंमत कितीतरी जास्त, तो विषय इथेच सोडा.

मी तुमच्या जागी असतो तर असं केलं असतं. भार पेलण्यासाठी खाली सिलिकॉन भरलेल्या सिलिकॉन कार्बाइडचे बीम, ज्याला सप्लायर सिसिक म्हणतात. त्यात वितळलेलं सिलिकॉन छिद्रांत भरलेलं असतं, उघडी छिद्रं जवळपास शून्य, म्हणून पोटातलं ऑक्सिडेशन होतच नाही. त्याची मर्यादा सिलिकॉनच्या वितळबिंदूची, १,४१४ अंश, म्हणून १,३५० पर्यंतच वापरायचं. तुम्हाला ९५० ला त्याची काय काळजी. बीमवर कॉर्डिएराइट म्युलाइटच्या प्लेट. कॉर्डिएराइटचं प्रसरण फार कमी, धक्का सोसतो, ऑक्साइड असल्याने जळत नाही आणि दर आवाक्यातला. ताकद कमी, म्हणून प्लेट जाड घ्या आणि बीममधलं अंतर कमी ठेवा. जड कास्टिंग असतील आणि प्लेटही कार्बाइडचीच हवी असेल तर त्याही सिसिकच्या घ्या. नायट्राइड बाँडेडच घ्यायची वेळ आली तर विचारा की माल आधी उंच तापमानाला हवेत भाजून त्यावर काचेचा थर आणलेला आहे का. काही उत्पादक तसं देतात आणि तुमच्या तापमानाला त्याने खरा फरक पडतो. आणि एक साधी गोष्ट विसरू नका, ९५० अंशांना हीट रेझिस्टंट कास्ट स्टीलचे ट्रे कित्येक हीट ट्रीटमेंटवाले वापरतात. ते वाकतात, पण वाकलेले सरळ करता येतात. तुमच्या कास्टिंगचा आकार पाहून त्याचाही भाव काढा.

परचेस ऑर्डरमध्ये नुसतं 'सिलिकॉन कार्बाइड प्लेट, १,४५० अंश' लिहू नका. बंध कोणता, उघडी सच्छिद्रता किती टक्के, वाफेतल्या ऑक्सिडेशन चाचणीत किती तासांत घनफळ किती वाढलं, हे मागा. तुमच्याकडून भट्टीचं इंधन, रोजच्या फेऱ्या, लाल असताना ट्रॉली बाहेर येते की नाही, आणि एका प्लेटवरचा भार किलोत, हे लिहून द्या. जो सप्लायर हे वाचून उलट प्रश्न विचारतो त्याच्याकडून माल घ्यावा. जो फक्त तापमान विचारून दर पाठवतो त्याच्याकडे मी तरी जात नाही.

इलेक्ट्रिक भट्टीबद्दल. जळण नाही म्हणजे १५ टक्के वाफ नाही, फक्त हवेतली ओल आणि ओलं कास्टिंग आत गेलं तर त्याचं पाणी. तीच नायट्राइड बाँडेड प्लेट तिथे बरीच जास्त चालेल, धोक्याच्या पट्ट्यात असली तरी. हीटरचं मात्र नीट ठरवा. ९५० अंशांना कँथलची (लोखंड, क्रोमियम आणि ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची) वायर पुरते. तीही पापुद्र्यावरच जगते, फक्त तिचा पापुद्रा ॲल्युमिनाचा असतो. सिलिकॉन कार्बाइडचे रॉड घेतले तर ते वापरात ऑक्साइड होत जातात आणि त्यांचा रेझिस्टन्स वाढत जातो, म्हणून टॅप असलेला ट्रान्सफॉर्मर लागतो, म्हणजे व्होल्टेज चढवत नेऊन पॉवर कायम राखता येते. एक रॉड तुटला म्हणून जुन्यांच्या रांगेत एकच नवा घालू नका, भार असमान होतो आणि बाकीचे लवकर जातात. रेझिस्टन्स जुळणारा जुना जपून ठेवलेला रॉड घाला, किंवा गट बदला.

मॉलिब्डेनम डायसिलिसाइडचे हीटर कोणी सुचवले तर नाही म्हणा. ते १,६०० च्या वरच्या भट्ट्यांसाठी अप्रतिम आहेत, कारण तिथे त्यांच्यावर सिलिकाची अखंड काच धरते आणि तडा गेला तरी पुन्हा भरून येतो. पण ४०० ते ६०० अंशांच्या पट्ट्यात, काच धरण्याएवढी उष्णता नसताना, मॉलिब्डेनम आणि सिलिकॉन दोन्ही एकाच वेळी ऑक्साइड होतात आणि मालाची भुकटी व्हायला लागते. टेम्परिंगसाठी कधी ५५० ला भट्टी धराल तर तिथे ते तासन् तास याच पट्ट्यात बसतील.

उरलेल्या प्लेट सगळ्या फेकू नका. प्रत्येक प्लेट उभी धरून बोटाच्या पेराने वाजवा. खणखणीत वाजते आणि वजन फारसं वाढलेलं नाही, अशी प्लेट वॉश मारून बर्नरपासून दूरच्या कोपऱ्यात, हलक्या कास्टिंगखाली ठेवा आणि महिन्यातून एकदा पुन्हा वजन करा. बद्द वाजणारी, वाकलेली किंवा कडेला भेग असलेली आजच बाहेर काढा. ९५० अंशांवर प्लेट तुटून कास्टिंग खाली आलं तर ट्रॉलीचं अस्तर आणि बर्नर ब्लॉक दोन्ही जातात आणि ट्रॉली ओढणारा माणूस त्याच वेळी समोर उभा असू शकतो.